नवा सर्व्हर घेण्याआधी जुना परत उभा राहतो का, ते पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे गोव्यातल्या पतसंस्था, देवस्थान समित्या, शाळा, सीएंची कार्यालये अशा ठिकाणी नवे संगणक घेण्याचा विषय बैठकीत येऊ लागला आहे. दरपत्रके मागवताना बहुतेक ठिकाणी जुन्याचीच उजळणी होते. हिशेबाला एक, हजेरीला एक, फायली ठेवायला एक, सभासदांच्या किंवा महाजनांच्या यादीला एक, आणि यांतला कुठलाही बंद पडला की ते काम ठप्प. ही सगळी कामे एका चांगल्या यंत्रावर व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे त्यात सॉफ्टवेअरने बनवलेले वेगवेगळे संगणक म्हणून चालवावीत (पुढे 'मशीन' म्हणजे हेच, आणि 'यंत्र' म्हणजे खरा संगणक), आणि वाचलेला पैसा ती कामे दुसऱ्या यंत्रावर परत उभी करण्याच्या तयारीवर खर्च करावा, एवढेच सुचवण्यासाठी हे पत्र.

ही कल्पना नवी नाही. आयबीएमने मोठ्या संगणकांसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये आणली. इंटेलच्या साध्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची सोय २००५ मध्ये आली आणि लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम ही तशीच सोय २००७ मध्ये. हायपरवायजर नावाचा एक थर यंत्रावर बसतो आणि त्याची रॅम, प्रोसेसर आणि डिस्क वेगवेगळ्या मशीनना वाटून देतो. कामाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की हिशेबाचा अख्खा संगणक, विंडोज, टॅली, प्रिंटरच्या सेटिंगसकट, डिस्कवर साठवलेली एक प्रतिमा होतो. मदरबोर्ड जळला तरी ती प्रतिमा दुसऱ्या यंत्रावर सुरू करता येते. अर्थात, तिची प्रत दुसरीकडे असेल तरच.

प्रणाली कोणती घ्यावी? व्हीएमवेअर अनेक वर्षे पहिली पसंती होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने ती कंपनी घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी परवान्यांची विक्री बंद करून वर्गणीची पद्धत आणली. मोफत ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा हायपरवायजर) २०२४ च्या सुरुवातीला काढून घेतले, एप्रिल २०२५ मध्ये परत दिले. ज्या संस्थेचे अंदाजपत्रक वर्षातून एकदाच मंजूर होते, तिने अशा अनिश्चिततेवर विसंबू नये. विंडोज सर्व्हरचा परवाना आधीच असेल तर त्यातले हायपर-व्ही चांगले आहे. स्टँडर्ड आवृत्तीत यंत्राचे सगळे कोअर परवान्यात घेतले की दोन व्हर्च्युअल विंडोज सर्व्हर चालवायची मुभा मिळते. नसेल तर डेबियन लिनक्सवर उभे असलेले प्रॉक्समॉक्स घ्यावे. ते वर्गणी न भरताही वापरता येते, मात्र ते सांभाळू शकणारा जाणकार माणूस तालुक्यात आहे ना, हे आधी पाहावे.

आठ-दहा माणसांच्या कार्यालयाला आठ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम (जमल्यास ६४) आणि आरशासारख्या जोडलेल्या (एकीवरचे लिखाण दुसरीवरही होईल अशा) १ टीबीच्या दोन एसएसडी पुरतात. टॅलीच्या मशीनला दोन व्हर्च्युअल प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १२० जीबी डिस्क द्यावी, फायलींच्या मशीनला ४ जीबी रॅम. "असू दे जास्त" म्हणून प्रत्येक मशीनला आठ-आठ प्रोसेसर दिले की सगळीच मंदावतात, कारण मागितलेले कोअर मोकळे होईपर्यंत त्यांना थांबावे लागते. सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग मात्र यात अजिबात आणू नये. ४ एमबीपीएसचे आठ कॅमेरे दिवसाला सुमारे ३४५ जीबी लिहितात, म्हणजे १ टीबीची एसएसडी तीन दिवसही पुरणार नाही. त्याला वेगळा एनव्हीआर (कॅमेऱ्यांचे रेकॉर्डिंग करणारे यंत्र) आणि त्यासाठीचीच हार्ड डिस्क हवी.

जुना संगणक जसाच्या तसा आत आणता येतो. मायक्रोसॉफ्टचे डिस्कटूव्हीएचडी चालत्या विंडोजची प्रतिमा बनवते. नवख्या माणसाचे काम इथे तीन जागी अडते. नव्या यंत्राच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद असते. इंटेलवर व्हीटी-एक्स आणि एएमडीवर एसव्हीएम या नावाखाली ती चालू करावी लागते. जुना संगणक लेगसी बायोसवर चालत होता की यूईएफआयवर (सुरू होण्याची जुनी पद्धत की नवी), ते न पाहता मशीन बनवले तर ते बूटच होत नाही. आणि डिस्क पहिल्याच दिवशी व्हर्टआयओ या, व्हर्च्युअल मशीनसाठीच्या वेगवान, प्रकारची ठेवली की निळा पडदा येतो, कारण त्या विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर नसतो. उपाय सोपा आहे. आधी डिस्क साटा या नेहमीच्या प्रकारची म्हणून जोडून विंडोज सुरू करावे, व्हर्टआयओचे ड्रायव्हर टाकावेत, १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ डिस्क जोडून विंडोज ती ओळखते का ते पाहावे, मग मशीन बंद करून मुख्य डिस्कचा प्रकार बदलावा. हलवण्याआधी जुन्या संगणकावर टॅलीचा परवाना सरेंडर करायला विसरू नये. तो यंत्राला बांधलेला असतो. संगणकासोबत आलेला विंडोजचा ओईएम परवानाही त्याच डब्यापुरता असतो, तेव्हा नवा परवाना खर्चात धरावा. हजेरीचे सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वरच चालत असेल तर तसे मशीन ठेवता येईल, पण इंटरनेट तोडून. त्या विंडोजचा आधार जानेवारी २०२० मध्येच संपला आहे.

आता विजेचा विषय. गोव्यात यंत्रे मरतात ती प्रामुख्याने एप्रिल-मेच्या वळवात, जूनच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात. वीज जाते, दोन मिनिटांनी येते, लगेच पुन्हा जाते. हे येणे-जाणे सरळ दोन तास वीज नसण्यापेक्षा वाईट, कारण सर्व्हर अर्धा सुरू झालेला असताना पुन्हा पडतो. म्हणून "वीज आली की आपोआप सुरू व्हावे" ही बायोसमधली सेटिंग यूपीएसची बॅटरी ठरावीक टक्के भरल्यावरच वीज पुढे सोडण्याच्या सोयीसोबतच वापरावी. तशी सोय नसेल तर सर्व्हर हाताने सुरू करण्याचा नियम ठेवावा: आधी स्विच आणि राउटर, मग सर्व्हर, आणि त्यातली मशीन एकामागून एक, दोन-दोन मिनिटांच्या अंतराने.

यूपीएसला यूएसबी पोर्ट हवाच. ६०० व्हीएचे स्वस्त यूपीएस सहसा त्याशिवायच येतात. ते फक्त वेळ देतात, वीज गेल्याची खबर सर्व्हरला देत नाहीत. १ केव्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस घेऊन यूएसबी केबल प्रत्यक्ष सर्व्हरला लावावी. ती केबल वर्षानुवर्षे खोक्यात पडून असते, हे अनेक कार्यालयांत दिसेल. मग एनयूटी हे मोफत सॉफ्टवेअर टाकून सांगून ठेवावे की पाच मिनिटे बॅटरीवर गेली की सगळी मशीन रीतसर बंद करून सर्व्हरही बंद करायचा. विंडोजची चार मशीन नीट बंद व्हायला तीन ते पाच मिनिटे लागतात. १२ व्होल्ट ७ एएचच्या सीलबंद बॅटऱ्या आपल्या उकाड्यात दोन-तीन वर्षांत थकतात. २५ अंशांच्या वर प्रत्येक १० अंशांना त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते. संध्याकाळी कार्यालय बंद करताना एसी बंद होतो आणि सर्व्हर मात्र त्याच कोंदट खोलीत रात्रभर चालतो, याचाही विचार व्हावा. साध्या एसएसडीत अचानक वीज गेल्यावर हातातले लिखाण पुरे करण्याची सोय नसते, त्यामुळे शक्य असेल तिथे पॉवर लॉस प्रोटेक्शन असलेल्या घ्याव्यात. आणि वेगासाठी कुणी मशीनच्या डिस्कचा कॅश "रायटबॅक अनसेफ" करून ठेवला असेल तर तो आजच बदलावा. त्या सेटिंगमध्ये लिखाण डिस्कवर पोहोचले नसतानाही पोहोचल्याचे मशीनला सांगितले जाते, आणि त्याच क्षणी वीज गेली तर हिशेबाची फाइल बिघडते.

किनाऱ्यालगतच्या खारट, दमट हवेचा आणखी एक परिणाम लवकर लक्षात येत नाही. नेटवर्कच्या केबलच्या टोकाला, आरजे४५ कनेक्टरमध्ये, तांबे हिरवट पडते. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला दोनच. एक जोडी गंजली की जोडणी बहुधा गुपचूप १०० वर उतरते. रोजचे काम चालू राहते म्हणून कुणी तक्रार करत नाही. पण १२० जीबीचे मशीन बॅकअपमधून परत आणायला गिगाबिटवर वीसेक मिनिटे लागतात, तर १०० एमबीपीएसवर तीन तास. स्विचवरच्या दिव्याचा रंग पाहून किंवा विंडोजमध्ये जोडणीचा वेग वाचून हे कळते. नवा कनेक्टर क्रिंप करायला पाच मिनिटे पुरतात.

पुढचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दोन एसएसडींचा आरसा म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून पुसली जाते. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणी टिपून ठेवलेली स्थिती) म्हणजेही बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. टॅलीची आवृत्ती बदलण्याआधी स्नॅपशॉट जरूर घ्यावा, पण दोन-तीन दिवसांत काढून टाकावा, नाहीतर तो वाढत जाऊन जागा खातो. मशीनना कागदोपत्री दिलेल्या डिस्कची बेरीज प्रत्यक्ष जागेपेक्षा जास्त असू शकते. ती जागा पूर्ण भरली की लिखाण अडते आणि मशीन जागच्या जागी थांबतात. ८० टक्क्यांवर इशारा मिळेल अशी व्यवस्था असावी.

बॅकअप रोज रात्री वेगळ्या यंत्रावर किंवा एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या पेटीवर) व्हावा. आठवड्याला एक प्रत यूएसबी डिस्कवर घ्यावी. अशा दोन डिस्क आलटूनपालटून वापराव्यात आणि एक नेहमी कार्यालयाच्या बाहेर असावी. इंटरनेटवरही प्रत ठेवायची असेल तर २० एमबीपीएस अपलोडवर १०० जीबीला अकरा तास लागतात हे ध्यानात ठेवून पहिली प्रत शनिवारी रात्री सुरू करावी. कंपनी म्हणून नोंदलेल्या व्यवसायांना तर हिशेबाच्या वह्यांची रोजची प्रत भारतातल्या सर्व्हरवर ठेवणे नियमाने बंधनकारक आहे.

आणि महिन्यातून एकदा ती प्रत उघडून पाहावी. बॅकअप वेगळ्या क्रमांकाचे मशीन म्हणून परत आणावे आणि ते सुरू करण्यापूर्वी त्याचे नेटवर्क कार्ड तोडावे. हे विसरलात तर एकाच आयपी पत्त्याची दोन मशीन जाळ्यात येतात आणि कर्मचारी नकळत जुन्या प्रतीत नोंदी करू लागतात. मग टॅली उघडून कालच्या तारखेची शेवटची पावती दिसते का ते पाहावे. परवाना नसल्याने टॅली शैक्षणिक मोडमध्ये उघडली तर घाबरू नये. नंतर चाचणीचे मशीन पुसून टाकावे. "बॅकअप सक्सेसफुल" असा रोज येणारा ईमेल ही चाचणी नव्हे.

सगळे एका यंत्रावर आणले की चोरालाही एकाच दाराची चावी पुरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये जगभर हजारो ईएसएक्सआय सर्व्हर एकाच खंडणी-व्हायरसने कुलूपबंद केले. ज्या त्रुटीतून तो शिरल्याचे सांगितले गेले, तिची दुरुस्ती दोन वर्षे आधीपासून उपलब्ध होती. हायपरवायजरचा पासवर्ड विंडोजच्या पासवर्डपेक्षा वेगळा असावा आणि त्याला दुहेरी पडताळणी लावावी. घरून काम करण्यासाठी राउटरवर ३३८९ (विंडोजचे रिमोट डेस्कटॉप) किंवा ८००६ (प्रॉक्समॉक्सचे नियंत्रण-पान) हे पोर्ट उघडून ठेवू नयेत. वायरगार्डचा व्हीपीएन (बाहेरून आत येण्याची कूटबद्ध वाट) बसवावा. बॅकअपच्या जागेवर फक्त बॅकअपच्याच खात्याला लिहिता यावे, हिशेबाच्या मशीनला ती दिसूही नये.

राखीव यंत्र नवे नको. बदललेल्या संगणकांपैकी व्हर्च्युअलायझेशनची सोय असलेला एक निवडून त्यात १६ जीबी रॅम टाकावी, तेच प्रॉक्समॉक्स बसवावे आणि मासिक चाचणी त्याच्यावरच करावी. प्रसंगी त्याच्यावर फक्त हिशेब आणि फायली चालल्या तरी काउंटर उघडा राहतो.

संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना विनंती अशी की पुढचे दरपत्रक मागवताना त्यात ही अट घालावी: "मुख्य सर्व्हर बंद ठेवून, आदल्या रात्रीच्या बॅकअपवरून हिशेबाचे मशीन राखीव यंत्रावर चार तासांत सुरू करून समितीसमोर दाखवावे, त्यानंतरच शेवटची रक्कम अदा केली जाईल." सोबत दोन पानांचा कागद मागावा, ज्यात प्रत्येक मशीनचे नाव, आयपी पत्ता, दिलेली रॅम व डिस्क, सुरू करण्याचा क्रम, बॅकअपची जागा आणि बॅकअप कुलूपबंद असल्यास त्याची किल्ली असेल. त्याची एक प्रत तिजोरीत सीलबंद पाकिटात आणि दुसरी सचिवांकडे असावी. देखभाल करणारा माणूस बदलला की त्याच दिवशी पासवर्ड बदलून कागद नव्याने छापावा.

आपला,
एक वाचक (आयटी सल्लागार), फोंडा