सोडला की सुटला

प्रिय नंदे,

तीन महिने ना पत्र ना फोन, व्हॉट्सॅपवर तुझ्या फोटोंना नुसते अंगठे. तू चिडली असशील आणि चिडायलाच हवंस. तब्येती ठीक, ह्यांची शुगर आटोक्यात, माझा गुडघा चालतोय, झालं. आता ऐक, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगून कळणार नाही.

मी नाच शिकतेय. स्क्वेअर डान्स. सप्टेंबरपासून दर मंगळवारी संध्याकाळी सात ते नऊ, गावाबाहेरच्या ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे इथल्या शेतकऱ्यांच्या संघटनेचा जुना लाकडी हॉल, पाय आपटला की जमीन अशी मस्त घुमते की आपल्या वाड्याची माडी आठवते. अमेरिकेत, या ऑलिंपियाला येऊन तीन वर्षं झाली गं, आणि मला नावाने हाक मारणारी माणसं किती, तर लायब्ररीतली बाई आणि औषधाच्या दुकानातला मुलगा. मराठी मंडळ तिकडे सिएटलच्या बाजूला, ट्रॅफिक धरला तर दोन तास, त्यात हिवाळ्यात साडेचारला अंधार आणि पाऊस, कोण जातंय. लायब्ररीच्या बोर्डावर कागद लावलेला होता, पार्टनर नसला तरी या, कधी नाचला नसलात तरी या. मी तिथेच उभी राहून दोनदा वाचला. ह्यांना विचारलं तर म्हणाले आरतीला टाळ्या वाजवतो तेवढा ताल माझ्या जन्माला पुरे. मग मी एकटीच गेले.

चार जोड्यांचा चौकोन, आठ माणसं. कॉलर, म्हणजे नाच सांगणारा, माइकवरून सांगतो ते तेव्हाच्या तेव्हा करायचं, पुढे काय येणार ते कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे पाठांतराचा उपयोग शून्य, कान लागतो. (तुझं पाठांतर आणि माझे कान, आठवतंय? बाईंनी दोघींना वेगळं बसवलं होतं.) शेजारचा दुसऱ्या जोडीतला तो आपला कॉर्नर. अलेमांड लेफ्ट म्हटलं की कॉर्नरला डावा हात देऊन फिरायचं, मग राइट अँड लेफ्ट ग्रँड, म्हणजे एकाला उजवा, पुढच्याला डावा, पुन्हा उजवा, असं गोलात जात जात आपला पार्टनर परत समोर येतो. दोन गाण्यांची मिळून एक टिप, मग पाणी, बिस्किटं, आणि पुढच्या टिपला नवा चौकोन, त्यामुळे तीच तीच माणसं धरून बसता येत नाही. पहिल्या दिवशी घरी येताना गाडीत लक्षात आलं, तीन वर्षांत ह्यांच्याशिवाय कुणी माझा हात धरला नव्हता. आणि त्या एका संध्याकाळी किती हात! मऊ, खरखरीत, एक तर बर्फासारखा गार. गाडी बाजूला घेऊन रडले जरा.

१९७९ पासून हा आमच्या वॉशिंग्टन राज्याचा अधिकृत नाच आहे म्हणे, म्हणजे आपण सातवीत होतो तेव्हापासून. कॉलरने एकदा सांगितलं की या देशात असे कॉल देणारे सुरुवातीचे लोक म्हणजे फिडल वाजवणारे काळे वादक, कितीतरी जण गुलामीतले, मालकांच्या नाचाला उभे केलेले. मला ते डोक्यातून जात नाही. स्वतः नाचायची मुभा नाही आणि सगळा नाच त्यांच्या आवाजावर.

तर आम्ही नवीन सात जण. चौकोन पुरा करायला जुनी नाचणारी माणसं येतात, त्यांना एंजल म्हणतात. त्यातल्या एक आजी ७९ वर्षांच्या, कुठलीही बाजू नाचतात, पुरुषाचीही. जपानमध्ये जाऊन नाचून आल्यात, कारण कॉल सगळ्या जगात इंग्रजीतच. त्यांनीच मला स्विंग शिकवला. उजव्या पावलाला उजवं पाऊल लावायचं, डाव्याने ढकलत गरगर फिरायचं, जरा मागे झुकायचं आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहायचं, भिंतीकडे बघितलंस तर चक्कर येईल. नंदे, शब्दन् शब्द अक्कांचा! फुगडी गं, दुसरं काय. मी त्यांना सांगितलं की हे मला येतं, आणि आम्ही दोघी अशा फिरलो की बाकीचे थांबून बघायला लागले.

आणि परवाच्या मंगळवारी मी त्यांना पाडलं.

भर स्विंगमध्ये हॉलचं दार उघडलं आणि मला वाटलं हे आले. येतो बघायला म्हणाले होते ना. मी तिकडे बघितलं, एवढंच. डोकं गरगरलं, हात गेला, आणि त्या मागच्या खुर्च्यांवर जाऊन आदळल्या. मनगट लगेच सुजलं. एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नाही, क्रेप बँडेज बांधलंय, सगळे माझ्याशीच चांगलं बोलत होते आणि मला ते सहन होईना. दारात कुणीतरी छत्री झटकत उभं होतं, हे नव्हतेच. ह्यांना मी अजून सांगितलेलं नाही. तीन रात्री झोप नाही. आजींचा मेसेज आलाय, मंगळवारी ये, मी खुर्चीवर बसून बघणार आहे, तू नाही आलीस तर सातच उरतील. खरंय, सातांचा चौकोन होत नाही. कुणी माझ्यासाठी अडून राहील असं इथे आजवर काही नव्हतं आणि आता आहे तर पाय उचलत नाही.

नववीतला भोंडला, आपल्या दोघींची फुगडी. माझ्या हनुवटीला तीन टाके, आणि मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू ओरडून सांगत होतीस, हात सोडला नाही गं, सुटला. आणि मी वर्गभर सांगत फिरले की हिने मुद्दाम सोडला, कारण स्कॉलरशिप मला मिळाली. पुढे हसलो त्यावर, तुझ्या लग्नातसुद्धा चिडवलं मी तुला, पण खरं सांगते, ४४ वर्षं मनात एक कोपरा होताच की सोडलाच असणार. आता कुणी मला विचारलं की तू सोडलास की सुटला, तर मला सांगता येत नाही. शपथ. माझाच हात आणि मला माहीत नाही. चुकले गं मी. टाके माझे होते पण तो सगळा महिना तू कसा काढलास ते मी कधी विचारलंच नाही.

अक्कांचं मोतीबिंदूचं झालं का? आणि धाकटीचं त्या नागपूरच्या स्थळाचं काय झालं, मला सगळं नीट सांग, घाईत विचारतेय पण मनापासून विचारतेय. बंड्याला म्हणावं आत्याने लोणचं पोचल्याचं कळवलंय, बरणी फुटली नाही.

मंगळवारचे इथले सात म्हणजे तुझ्याकडे बुधवारची सकाळ, साडेआठ. त्याच्या आधी फोन कर, कुकर लावायच्या आधी. जाऊ की नको ते सांग. आणि एक सांग, तू तेव्हा दाराकडे बघितलं होतंस का? कोण आलं होतं?

तुझीच,
बेबी

ता.क. आजींना चिवडा करून नेऊ का? तिखट कमी करते.