निकालाच्या बातमीत ऑडिटर काय म्हणाला तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या अर्थ-उद्योग पानाचा मी जुना वाचक आहे आणि एक मागणी घेऊन लिहितोय. मार्च संपला की एप्रिल-मेमध्ये कंपन्यांचे वार्षिक निकाल यायला लागतात, मग रोज बातम्या, अमुक कंपनीचा नफा इतक्या टक्क्यांनी वाढला, तमुकने शेअरमागे इतका डिव्हिडंड दिला, चेअरमनसाहेबांचा फोटो आणि हातात किती ऑर्डरी आहेत त्याबद्दल त्यांचे चार शब्द. या सगळ्यात एक गोष्ट मला कधीच वाचायला मिळत नाही, ती म्हणजे त्या नफ्याच्या आकड्याबद्दल ऑडिटरने काय लिहिलंय. आकडा कंपनीने स्वतः काढलेला असतो, तो बाहेरच्या सीएने तपासलेला असतो आणि खाली त्याचं मत आणि सही असते. ते मत बातमीत दोन ओळीत यावं, एवढीच माझी मागणी आहे.

मी एका खाजगी कंपनीच्या अकाउंट्स खात्यात नोकरी केली, आता रिटायर झालोय, थोडी बचत शेअर्समध्ये आहे. माझ्यासारखे पुष्कळ आहेत आणि आता तर कॉलेजची पोरं मोबाइलवर डीमॅट उघडून शेअर घेतात, त्यांना कंपनीबद्दल जी काही माहिती मिळते ती बातम्यांतून नाहीतर व्हॉट्सॲपवरून. म्हणून बातमीत काय असतं याला महत्त्व आहे.

आपल्याकडे एक समज पक्का बसलाय की ऑडिट झालं, सीएची सही झाली म्हणजे कंपनी चांगली. सही तर सगळ्याच कंपन्यांच्या हिशोबावर असते हो, सहीच्या वर काय लिहिलंय ते बघायचं असतं. हिशोब खरं आणि वाजवी चित्र दाखवतात असं ऑडिटरने सरळ म्हटलं तर तो क्लीन रिपोर्ट. पण कधी तो म्हणतो की बाकी ठीक आहे, फक्त अमुक एक बाब सोडून, आणि ती बाब कधीकधी एवढी मोठी असते की नफ्याचा तोटा व्हावा, उदाहरणार्थ एखाद्या गिऱ्हाइकाकडे तीन वर्षांपासून अडकलेले पैसे कंपनीने बुडीत धरलेलेच नाहीत. याला क्वालिफाइड रिपोर्ट म्हणतात. त्याच्या पुढची पायरी म्हणजे हे हिशोब बरोबर चित्र दाखवतच नाहीत असं स्पष्ट मत, आणि आणखी एक प्रकार म्हणजे मला पुरेसे पुरावेच मिळाले नाहीत त्यामुळे मी मत देऊ शकत नाही. आता सांगा, ज्या कंपनीच्या ऑडिटरने असं काही लिहिलंय तिचा नफा वाढल्याची बातमी फक्त आकडा देऊन छापली तर वाचकाला अर्धीच गोष्ट कळली ना.

आणि ही माहिती काढायला फार खटपट लागत नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमाप्रमाणे लिस्टेड, म्हणजे बाजारात शेअर असलेल्या, कंपनीला वार्षिक निकाल वर्ष संपल्यापासून ६० दिवसांत, म्हणजे ३० मेपर्यंत, ऑडिट रिपोर्टसकट स्टॉक एक्स्चेंजला द्यावे लागतात. रिपोर्ट क्लीन असेल तर तसं डिक्लेरेशन देते कंपनी. क्लीन नसेल तर एक वेगळं पत्रक जोडावं लागतं, त्यात एका रकान्यात कंपनीने दाखवलेले आकडे आणि शेजारच्या रकान्यात ऑडिटरचा आक्षेप धरला तर ते आकडे किती होतील ते, उलाढाल, खर्च, नफा, नेटवर्थ सगळं ओळीने. अर्थात आक्षेपाचा आकडा काढता येत असेल तर, नसेल तर का काढता येत नाही ते तिथे लिहिलेलं असतं. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर त्याच दिवशी ती पीडीएफ असते. ज्या फायलीतून तुमचे वार्ताहर नफ्याचा आकडा उचलतात तिच्यातच चार पानं पुढे हे असतं.

तिमाहीच्या निकालांचंही एक सांगतो. तीन-तीन महिन्यांचे जे निकाल येतात त्यांचं बहुतेक वेळा पूर्ण ऑडिट झालेलं नसतं, ऑडिटरने लिमिटेड रिव्ह्यू केलेला असतो, म्हणजे कंपनीच्या लोकांना प्रश्न विचारून आणि आकड्यांची तुलना करून वरवर बघितलेलं असतं. बातमीत हा फरकही यायला हवा, एका शब्दाचं तर काम आहे.

हे सगळं एवढ्या तळमळीने का लिहितोय तर हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीतल्या घोटाळ्यामुळे. ७ जानेवारी २००९ ला तिचे चेअरमन रामलिंग राजूंचं घोटाळा कबूल करणारं ते पत्र आलं तेव्हा मी ऑफिसात होतो, आमचं सगळं खातं कामं सोडून ते वाचत बसलं होतं. ३० सप्टेंबर २००८ च्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रोख आणि बँक शिल्लक दाखवलेली आणि त्यातले ५,०४० कोटी नव्हतेच. त्या तिमाहीचा ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी दाखवला होता आणि खरा होता ६१ कोटी. त्या एका दिवसात शेअरचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाव गेला. आणि बघा, त्याच्या काही महिने आधी याच कंपनीला चांगल्या कारभाराबद्दल गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळालेला, तो नंतर काढून घेतला.

अकाउंट्समध्ये काम केलेल्या माणसाला सगळ्यात जास्त धक्का बसला तो बँक शिल्लकेचा. माल किती, उधारी वसूल होणार की नाही, यात अंदाज असतो, मतभेद होऊ शकतात. पण बँकेत पैसे आहेत की नाहीत यात कसला अंदाज? बँकेला विचारलं की कळतं. ते विचारायची पद्धतही ठरलेली आहे, ऑडिटरने बँकेला पत्र पाठवायचं आणि बँकेने उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर द्यायचं, मधे कंपनीचा हात लागता कामा नये. सत्यमचा शेअर न्यूयॉर्कलाही लिस्टेड होता म्हणून अमेरिकेची सेबी म्हणावी अशा एसईसीनेही चौकशी केली आणि २०११ मध्ये सत्यमचं ऑडिट करणाऱ्या प्राइस वॉटरहाउसच्या भारतातल्या फर्म्सवर ठपका ठेवला तो हाच, की ही कन्फर्मेशनची पत्रं पाठवणं आणि उत्तरं गोळा करणं त्यांनी कंपनीवरच सोडून दिलं होतं.

हे कसं घडत असेल ते मी अगदी जवळून बघितलंय, सत्यममध्ये नव्हे, साध्या छोट्या कंपनीत. एप्रिलमध्ये सीएच्या ऑफिसातून आर्टिकलची, म्हणजे सीएचं काम शिकणारी, पोरं यायची, एका टेबलावर व्हाउचरच्या फायलींचा ढीग घेऊन बसायची, हिरव्या शाईने टिका मारत. एका वर्षी त्यातल्या एका मुलीने बँक कन्फर्मेशनची पत्रं तयार केली आणि आमच्या मॅनेजरांची सही घेऊन पाकिटं स्वतःच्या पिशवीत ठेवायला लागली. मॅनेजर म्हणाले अगं इकडे दे, आमचा माणूस रोज बँकेत जातोच, उद्या शिक्का मारून आणतो. त्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं, काम लवकर उरकावं एवढंच. ती मुलगी एकवीस-बावीसची असेल, समोर पन्नाशीतला माणूस, पण तिने पाकिटं दिली नाहीत. म्हणाली सर, ही मला पोस्टानेच टाकावी लागतील आणि उत्तर आमच्या ऑफिसलाच यायला पाहिजे. मॅनेजरांना राग आला, तिच्या साहेबांना फोन गेला. साहेबांनी तिचीच बाजू घेतली, पण फोनवर बोलताना ते किती अवघडले होते ते आमच्या टोकाला बसून कळत होतं, कारण बिल शेवटी आम्हीच देणार होतो.

खरी अडचण इथे आहे. ज्याला तपासायचं त्याच्याकडूनच फी घ्यायची. कायद्याने ऑडिटरला नेमतात शेअरहोल्डर, आणि रिपोर्टही त्यांनाच उद्देशून लिहिलेला असतो, कंपनीच्या वार्षिक अहवालात उघडून बघा, सुरुवातीलाच कंपनीच्या सभासदांना असं लिहिलेलं असतं. म्हणजे तो तुमच्या-माझ्यासाठी काम करतो, पण त्याची गाठभेट, चहापाणी, फीची बोलणी सगळं कंपनीच्या वरिष्ठांशी. आपल्याला एजीएमच्या, म्हणजे वार्षिक सभेच्या, आधी ई-व्होटिंगची ईमेल येते, किती जण उघडतात? पूर्वी निदान दरवर्षी ऑडिटरच्या नेमणुकीला मंजुरी द्यायचा ठराव यायचा, २०१८ च्या मे महिन्यापासून तोही बंद झाला, आता एकदा नेमला की पाच वर्षं विषय नाही.

सत्यमनंतर सुधारणा झाल्या, त्या नाकारत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने लिस्टेड कंपनीत एकाच फर्मला पाच-पाच वर्षांच्या दोन टर्मपेक्षा जास्त सलग ठेवता येत नाही. ज्याचं ऑडिट करायचं त्याचीच हिशोबवही लिहायची, इंटर्नल ऑडिटही करायचं, हे चालत नाही. एक कोटी किंवा त्याहून जास्त रकमेचा फ्रॉड दिसला तर ऑडिटरला केंद्र सरकारला कळवावंच लागतं. २०१८ मध्ये एनएफआरए आली, मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र यंत्रणा, आणि ती दंड करते, ऑडिटरवर बंदीही घालते. पण हे सगळं घडून गेल्यावर. सत्यमच्या ऑडिटर फर्मवर सेबीने बंदीची ऑर्डर काढली ती जानेवारी २०१८ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांनी, आणि अपिलात सॅटने, म्हणजे सेबीच्या वरच्या लवादाने, पुढच्या वर्षी ती बंदी रद्दही केली. तोवर ज्यांचे पैसे गेले ते गेले. आपल्या मुंबईतली आयएल अँड एफएस ही रस्ते-पुलांसारख्या कामांना पैसा पुरवणारी कंपनी घ्या, २०१८ मध्ये हप्ते थकेपर्यंत ट्रिपल ए, म्हणजे सगळ्यात वरचं, रेटिंग, आणि कर्ज निघालं सुमारे ९१ हजार कोटींचं, त्यात कितीतरी नोकरदारांच्या पीएफ ट्रस्टचे पैसे अडकले.

म्हणून मला वाटतं की वाचणारा माणूस वाढला पाहिजे. ऑडिटरने हिंमत करून आक्षेप लिहिला आणि तो कुठेच छापून आला नाही, कुणी एजीएममध्ये विचारलं नाही, तर पुढच्या वर्षी तो कशाला वाईटपणा घेईल? उलट आपण लिहिलेलं उद्या पेपरात येणार हे माहीत असलं तर लिहिणाऱ्यालाही बळ येतं आणि कंपनीलाही आक्षेप यायच्या आधीच हिशोब नीट करावासा वाटतो. माझ्या मते एखादा नवीन नियम आणण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होईल.

याच्याच जोडीला अजून एक. ऑडिटरने मुदतीच्या मधेच राजीनामा दिला तर ती बातमी ठळक द्या. वडोदऱ्याच्या मनपसंद बेव्हरेजेसचं आठवत असेल, मे २०१८ मध्ये निकाल अगदी तोंडावर आले असताना तिच्या ऑडिटर डेलॉइटने राजीनामा दिला, मागितलेली माहिती मिळाली नाही म्हणून, आणि शेअरला लोअर सर्किटवर लोअर सर्किट लागत गेलं, म्हणजे भाव रोज पडू शकेल तेवढा पडत गेला. २०१९ मध्ये सेबीने असे राजीनामे देण्यावर अटी घातल्या, कारण सविस्तर सांगावं लागतं, निदान हातातल्या तिमाहीचं काम पुरं करून मगच जावं लागतं. ते राजीनाम्याचं पत्र एक्स्चेंजच्या साइटवर असतं. ‘इतर कामाच्या व्यापामुळे’ असं गुळमुळीत कारण असलं तरी ते तसंच छापा, वाचक काय ते समजून घेतील.

तुम्ही म्हणाल की सामान्य वाचकाला हे जड जाईल. मला पटत नाही. क्रिकेटमधला डकवर्थ-लुईस आपल्या वाचकाला समजतो, सोसायटीच्या सभेत सिंकिंग फंडावरून तो तासभर भांडतो, साखर कारखान्याच्या एफआरपीचा हिशोब आमच्याकडे पारावर बसलेला माणूस तोंडी करतो. रोज छापलं तर महिन्याभरात हेही अंगवळणी पडेल. जागेचा प्रश्न म्हणाल तर बातमीखाली ‘ऑडिटरचं मत: क्लीन’ एवढं लिहायला अर्धी ओळ लागते, आणि जिथे क्लीन नसेल तिथे काय आक्षेप आहे आणि त्याने नफा किती बदलतो एवढी दोन वाक्यं. बदनामीची भीतीही नको, कंपनीने स्वतःच्या हाताने एक्स्चेंजला दिलेला कागद आहे तो. आणि जाहिरात देणाऱ्या कंपनीलाही तोच नियम लावा, नाहीतर अर्थ राहणार नाही.

सगळ्या कंपन्या एकदम जमणार नसतील तर आपल्या आवृत्तीच्या भागातल्या लिस्टेड कंपन्यांपासून सुरू करा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, प्रत्येक ठिकाणी अशा कंपन्या आहेत, तिथल्या कामगारांच्या आणि आसपासच्या लोकांच्या घरात त्यांचे शेअर्स आहेत. येत्या मे महिन्यात निकाल येतील तेव्हापासून हे करता येईल का, ते कृपया याच सदरात कळवावं.

आपला,
एक निवृत्त अकाउंटंट, सांगली