कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीची मेख प्रोबमध्ये

संपादक महोदय,

कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीबद्दल लिहिताना चित्र ठळक करण्यासाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या सूक्ष्म वायू-बुडबुड्यांचे कौतुक होते, अंगावर टेकवून लहरी सोडणाऱ्या व टिपणाऱ्या प्रोबकडे (ट्रान्सड्यूसरकडे) मात्र दुर्लक्ष होते. लाल रक्तपेशीहूनही लहान, सरासरी अडीच मायक्रॉनचे हे बुडबुडे १.५ मेगाहर्ट्झच्या लहरीने थरथरले की ३ मेगाहर्ट्झचा प्रतिध्वनीही देतात. एकाच प्रोबने दोन्ही पेलायचे, तर बँडविड्थ (प्रोब पेलू शकेल तो वारंवारतांचा पट्टा, मध्यवारंवारतेच्या तुलनेत) ७०-८० टक्के हवीच.

प्रोबमध्ये लहरी निर्माण करणाऱ्या पीझेडटी या सिरॅमिकचा ध्वनिरोध (ध्वनिलहरीला होणारा विरोध) सुमारे ३० मेगारेल (त्याचे एकक), शरीराचा १.५. मधे ही तफावत टप्प्याटप्प्याने सांधणारे, पाव तरंगलांबी जाडीचे दोन मॅचिंग थर नसतील तर ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जा मागे परतते. हे थर जोडणाऱ्या चिकटवणीचा थर जाड राहिला तरी हे गणित बिघडते. सिरॅमिकच्या मागचे, कंपने शोषणारे बॅकिंग जड केले की बँडविड्थ वाढते, पण संवेदनशीलता जाते. बुडबुड्यांचा आवाज तर मुळातच क्षीण! म्हणून महाग असले तरी, सिरॅमिकऐवजी बँडविड्थ आणि संवेदनशीलता दोन्ही देणारे पीएमएन-पीटी या पदार्थाचे एकस्फटिकच आम्हाला योग्य वाटतात.

लहरीचा दाब वाढवून भागत नाही. मेकॅनिकल इंडेक्स (या दाबाची तीव्रता दाखवणारा अंक) ०.१ च्या आसपास ठेवला नाही, तर बुडबुडे फुटतात. एकमेकांच्या उलट सोडलेल्या दोन स्पंदांच्या प्रतिध्वनींची बेरीज करून ऊतींचा प्रतिध्वनी पुसतात; हे स्पंद तंतोतंत जुळले नाहीत, तर यकृताची पार्श्वभूमी पुसली जात नाही आणि गाठ त्यातच दडते. रुग्णालयांनी निविदेत नुसती मध्यवारंवारता न लिहिता बँडविड्थही मागावी.

– दोन ट्रान्सड्यूसर अभियंते