कोल्हापूर दिलदार आणि सोलापूर कोरडं, हे ठरवलं कोणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला कोल्हापूर आणि सोलापूरच्या स्वभावावरचा लेख वाचला. संध्याकाळपर्यंत राग गेला नाही, म्हणून लिहिते आहे. कोल्हापूरचा माणूस म्हणे दिलदार आणि सोलापूरचा ‘कडक भाकरीसारखा कोरडा’. तिकडची माणसं रस्त्यावर उतरतात, इकडची मुकाट सोसतात. लेखकमहाशय सोलापुरात कधी चार दिवस राहिले आहेत का?

आधी भाकरीचं सांगते. आमच्याकडे पाऊस कोल्हापूरच्या निम्म्याच्या आसपास पडतो, तोही बेभरवशाचा. म्हणून हा रब्बी ज्वारीचा मुलूख झाला. मंगळवेढ्याची मालदांडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. पातळ भाकरी कडक वाळवली की कितीतरी दिवस टिकते. कामावर जाणाऱ्या बाईला रोज चूल पेटवायला वेळ नसला तरी आमटीत कुस्करून घरादाराचं पोट भरतं. ती कष्टकऱ्यांच्या घरची सोय आहे. तिच्यावरून माणसांचा स्वभाव ठरवणं मला तरी पटलं नाही.

असे लेख वाचून लोक हसतात आणि विसरतात, असं आपल्याला वाटत असेल. आमच्या घरात तसं झालं नाही. माझ्या मुलासाठी कोल्हापूरकडचं एक स्थळ आलं होतं. माणसं चांगली होती, सुशिक्षित होती. पोहे झाले, शेंगापोळी झाली, निघताना चादरींचं दुकान विचारून घेतलं. मुलीच्या मावशी मात्र घरात आल्यापासून मोरीजवळच्या ड्रमांकडे बघत होत्या. पाणी किती दिवसांनी येतं, रात्री येतं का, मोटर लावावी लागते का, सगळं त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. आठ दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला, ‘मुलगा पसंत आहे, पण मुलगी सोलापूरला द्यायची नाही म्हणतात. गाव रूक्ष आहे, तिचं मन रमणार नाही.’

पाण्याचं म्हणाल तर आई म्हणून मला त्यांचं कळलं. मीही मुलीच्या वतीने तेच विचारलं असतं. पण गाव रूक्ष? रात्री दोनला नळ आला की समोरची तेलुगू बोलणारी बाई आधी माझं दार वाजवते आणि मग स्वतःची घागर लावते. दिवसभर विड्या वळून तिची बोटं आखडलेली असतात, तरी माझे गुडघे दुखतात म्हणून दोन कळशा तीच वर आणून देते. आमच्या गल्लीत मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू अशा चारही भाषा ऐकू येतात आणि प्रत्येकाला दुसऱ्याची भांडण्यापुरती तरी येतेच. हे पाव्हण्यांना एका दुपारी दिसणार नव्हतं, हे मी समजू शकते. लेख लिहिणाऱ्याने तरी पाहायला हवं होतं.

माझा मुलगा पुढे पुण्याला गेला. ‘इथं राहून लग्नच जमणार नाही’ असं म्हणाला. एका गावावर असे शिक्के मारत राहिलं की त्या गावातली तरुण मुलं निघून जातात, आणि नंतर तुम्हीच लिहिता की सोलापूर ओस पडत चाललं आहे.

आता ‘मुकाट सोसणारं’ या शब्दांबद्दल. मे 1930 मध्ये इंग्रजांचा अंमल काही दिवस या शहरात उरलाच नव्हता. तो परत बसवायला सरकारला मार्शल लॉ पुकारावा लागला. गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा झाल्या. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फाशी दिली. यातले कुर्बान हुसेन तर तुमच्याच व्यवसायातले, वृत्तपत्र चालवणारे. हे सोसणारं गाव आहे?

कोल्हापूरवर माझा राग नाही. 2004 मध्ये सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ मिळेपर्यंत आमची कॉलेजं शिवाजी विद्यापीठाखालीच होती. माझ्या पदवीच्या कागदांसाठी वडील मला सांगोला-मिरजमार्गे एसटीने तिकडे घेऊन गेले होते. काम झाल्यावर अंबाबाईचं दर्शन घेऊन आलो आणि लोकांनी आम्हाला फार आपुलकीने वागवलं. मला तर वाटतं, लेखाने कोल्हापूरवरही अन्यायच केला आहे. तांबडा-पांढरा, मिसळ, कुस्ती, संपलं कोल्हापूर! 1902 मध्ये नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखून ठेवणारे, गरिबांच्या मुलांसाठी वसतिगृहं काढणारे शाहू महाराज त्यात एका ओळीतही नाहीत. आणि तिथं पाणी मुबलक म्हणून सुख, हेही अर्धवटच. 2019 च्या पुरात त्या लोकांचे संसार पाण्यात गेले. काळम्मावाडी धरणातून शहरात येणाऱ्या थेट पाईपलाईनसाठी त्यांनी कित्येक वर्षं आंदोलनं केली, तेव्हा कुठे 2023 मध्ये ते पाणी शहरात आलं.

आमचं उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, 117 टीएमसीचं. तरी शहराच्या नळाला रोज पाणी नाही. हा सोलापूरकरांच्या स्वभावाचा दोष नाही, कारभाराचा आहे. त्यावर लेख लिहा, मी सगळ्या गल्लीला वाचून दाखवीन.

जाता जाता एक गोष्ट. आपल्या अंकात पूर्वी सोलापूर शहराची दोन पानं असायची, आता एकच येतं आणि त्यातही अर्धी जाहिरात. गेल्या 12 जानेवारीला त्या पानावर चार हुतात्म्यांबद्दल एक ओळही नव्हती. चार पुतळ्यांपाशी सकाळी हार घालायला माणसं जमली होती, मी स्वतः होते. येत्या 12 जानेवारीला आपला बातमीदार तिथे पाठवावा. दोन दिवसांनी सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असतेच, लेखकमहाशयांनाही सोबत पाठवलंत तर जेवायला माझ्या घरी येऊ द्या.

आपली,
एक वाचक
साखर पेठ, सोलापूर