दादा, त्या कागदावर आत्ता सही करू नकोस

श्टुटगार्ट

ती. दादा आणि वहिनी यांस,
सा. न. वि. वि.

काल फोन ठेवला, पण झोप काही लागली नाही. "आत्या, मला पोलीस नेतील का?" हा सोहमचा प्रश्न कानातून जातच नव्हता. नऊ वर्षांचं पोर, पेडण्याला आजोळी राहून शिकतंय. मधल्या सुट्टीत त्याने मित्राकडे फेकलेली पाण्याची बाटली त्या मित्राच्या समोरच्या दातावर बसली आणि अर्धा दात तुटला. तेव्हापासून सोहम जेवत नाही म्हणता.

आधी त्याला जवळ घेऊन सांगा, कोणी नेणार नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कुठलंच कृत्य गुन्हा धरत नाहीत. सात ते बाराच्या मुलाबाबत, आपण काय करतोय हे कळण्याइतकी समज त्याला होती का, ते बघतात. आणि इथे तर खेळता खेळता झालंय.

पैशांचं वेगळं. त्या मुलाच्या वडिलांनी "सगळ्या उपचारांची जबाबदारी माझी" असं लिहून मागितलंय ना? दादा, घाबरून सही करू नकोस. मुलाच्या हातून काही झालं म्हणून बाप आपोआप देणेकरी ठरत नाही, बापाचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तू तर तेव्हा बांद्याला दुकानात होतास. शाळेच्या वेळेत पोरं शाळेच्या ताब्यात असतात. जागरूक आईबाप ठेवतील तेवढं लक्ष शिक्षकांनी ठेवावं, ही कायद्याची अपेक्षा. 1995 मध्ये पठाणकोटकडच्या एका शाळेची 14 मुलं सहलीत बियास नदीत बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये शाळेलाच जबाबदार धरलं, मुलामागे 5 लाख भरपाई कायम केली. म्हणून काही प्रत्येक खरचटण्याला शाळा दोषी होत नाही. क्षणात सुटलेली बाटली कुठला मास्तर अडवणार? पण पटांगणावर तेव्हा कोणी होतं का, मुलांचा विमा काढलाय का, एवढं मुख्याध्यापकांना शांतपणे विचारच.

इथे मागच्या हिवाळ्यात आमच्या अनयला वर्गातल्या एकाने झोपाळ्यावरून ढकललं, मनगट मोडलं. शाळेने फॉर्म भरला, उपचार झाले, आम्हाला एक पैसा पडला नाही. 1971 पासून जर्मनीतल्या सगळ्या शाळकरी मुलांना हा अपघात विमा आहे, घर ते शाळा या वाटेवरसुद्धा. शाळेत घडलेलं मुद्दाम केलेलं नसेल तर वर्गमित्रावर दावाच लावता येत नाही. सोसलेल्या वेदनेचे वेगळे पैसे मात्र यात मिळत नाहीत, आणि ते मला खटकतं. पण दोन घरांत वैर आलं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तो मुलगा आईचा हात धरून दारात आला, मान खाली, हातात स्वतः काढलेलं चित्र. अनयने प्लास्टरवर त्याची सही घेतली. आपल्याकडेही असा विमा प्रत्येक शाळेत हवा, असं मला फार वाटतं.

सही करू नकोस म्हणते, याचा अर्थ हात झटक असा नाही. त्या मुलाचा तो कायमचा दात आहे. आत्ता डॉक्टर तो भरून देतील, पण पक्की कॅप बहुधा जबड्याची वाढ पुरी झाल्यावरच, म्हणजे खर्च पुढे कित्येक वर्षं लांबू शकतो. त्याच्या आईची काळजी खरी आहे. बांबोळीच्या डेंटल कॉलेजात दाखवून घ्या, पुढचे उपचार काय ते लेखी घ्या. मग जमेल तेवढा वाटा आपण आपणहून देऊ, निम्मा मी पाठवते. देताना ही मदत आहे, कबुली नव्हे, असं दोघांच्या सहीने लिहून ठेवा. वकिलाला एकदा दाखवा.

रविवारी तू स्वतः पेडण्याला जा. सोहमला घेऊन त्यांच्या घरी जा, मामाला एकट्याला पाठवू नकोस. वहिनींनी घावणे केले तर तेही न्या, मऊ आहेत, त्या मुलाला चावता येतील. संध्याकाळी मी फोन करते. सोहम जेवला का, ते आधी सांगा.

तुझी,
माई