गोळी सुरू होते, पण पुढचं कोण सांगणार?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागे तुमच्या रविवारच्या पुरवणीत मोठ्या माणसांच्या एडीएचडीवर, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या त्रासावर, पानभर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला आणि कात्रण कपाटात ठेवलंय. लक्षणं फार छान समजावली होती, वाचताना वाटलं माझंच कुणीतरी लिहितंय. पण औषधांचं सगळं एका वाक्यात आटोपलं होतं, की औषधाने फायदा होतो आणि काही किरकोळ दुष्परिणाम होऊ शकतात. त्या किरकोळ शब्दावर मी अडकले. दीड वर्ष झालं मी ती गोळी घेतेय आणि पहिले पाच महिने जे गेले ते मला कुणीही किरकोळ म्हणून सांगू नये, म्हणून हे पत्र.

मी वाईला राहते, वय ३९, ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवते. निदान झालं ३७व्या वर्षी. गोळीचं नाव मिथाइलफेनिडेट, स्टिम्युलंट म्हणजे मेंदूला उत्तेजना देणाऱ्या प्रकारातली. आधीच सांगते की मी गोळीच्या विरोधात नाही, अजिबात नाही. गोळी चालू झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा मी पेपरचा गठ्ठा एका बैठकीत तपासून उठले, मध्ये एकदाही फोन नाही, कपाट आवरायला घेणं नाही, काही नाही, आणि उठल्यावर मला रडूच आलं की बाकीच्यांना हे रोज इतकं सोपं जातं का. त्यामुळे गोळी सोडा असं सांगायला मी लिहीत नाहीये. गोळी घेणाऱ्याने टिकायचं कसं ते कुणी सांगत नाही, त्याबद्दल लिहितेय.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. स्टाफरूममध्ये डबा उघडला, पोळी आणि भरली वांगी, माझी आवडती भाजी. एक घास तोंडात घातला आणि तो नुसता फिरत राहिला, खाली जाईचना. तोंड इतकं कोरडं की पोळीचा भुगा टाळूला चिकटून बसला, शेवटी पाण्याबरोबर ढकलला. डबा तसाच घरी. सासूबाई डबा घासायला घेताना म्हणाल्या, अगं भाजी बिघडली होती का? दुसऱ्या दिवशी पण तेच, तिसऱ्या दिवशी पण. चौथ्या दिवसापासून मी बसस्टॉपजवळच्या कुत्र्याला पोळ्या घालून रिकामा डबा घरी न्यायला लागले कारण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. तीन महिन्यांत वजन ६१ वरून ५५. आणि वाईट काय तर सगळे कौतुक करत होते, लग्नात भेटलेल्या बायका विचारायच्या काय करतेस गं, आम्हाला पण सांग. मला जिना चढताना गरगरायचं ते कुणाला दिसत नव्हतं.

मी तेव्हा ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांना सांगितलं तर ते म्हणाले सवय होईल, आणि पुढचा पेशंट आत. आता एवढं खरं आहे की बऱ्याच जणांची डोकेदुखी, मळमळ, तोंडाची कोरड पहिल्या काही आठवड्यांत कमी होते, माझी पण डोकेदुखी गेली. पण भूक नाही परतली, झोप नाही परतली, आणि सवय कशाची होईल, कशाची झाली नाही तर फोन करायचा, हे सांगायला फार तर पाच मिनिटं लागली असती.

मग मी जे केलं ते मुद्दाम लिहितेय कारण दुसरं कुणी करू नये. मला तोपर्यंत दिवसभर चालणारी गोळी दिली होती. त्रास होतोय म्हणून मी स्वतःच ठरवलं की अर्धीच घेऊ, आणि सकाळी ओट्यावर सुरीने गोळी कापली. ती गोळी कापायची नसते. तिचं कवच कडक असतं, त्याला एक बारीक भोक असतं, आत पाणी शिरलं की औषध थोडं थोडं त्या भोकातून बाहेर ढकललं जातं, दहा-बारा तास. परासरण, मी बारावीला शिकवते तोच धडा. कवच कापलं की तो हिशोबच मोडतो, जे सावकाश यायचं ते एकदम येतं. दुसऱ्या तासाला फळ्यावर लिहिताना खडू धरलेला हात थरथरायला लागला, छातीत धडधड, मुलं बघतायत. घरी येऊन सासऱ्यांच्या मशीनवर बीपी घेतलं तर १४८/९४ आणि नाडी ११८, नुसतं बसून. त्या रात्री तीनपर्यंत छताकडे बघत पडले होते. पाकिटात कागद होता, त्यात हे लिहिलेलं पण असेल, पण असले मुंगीएवढ्या अक्षरातले इंग्रजी कागद कोण वाचतं हो, आणि एडीएचडीवाला तर नाहीच वाचत. डॉक्टरांनी तोंडाने सांगायला हवं होतं, दुकानदाराने सांगायला हवं होतं.

या औषधाचा इतिहास मी नंतर वाचला. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत लिअँड्रो पॅनिझॉन नावाच्या केमिस्टने ते बनवलं. त्याच्या बायकोचं बीपी कमी असायचं, ती टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची, आणि तिच्या रीटा या नावावरून रिटालिन नाव पडलं. हे वाचल्यावर माझ्या डोक्यात लख्ख झालं. म्हणजे बीपी आणि नाडी वाढणं ही काही माझ्याच शरीराची तक्रार नाही, ते या औषधाचं कामच आहे. मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन ही रसायनं जास्त वेळ रेंगाळतात म्हणून लक्ष लागतं, आणि त्याच रसायनांमुळे हृदय जोरात चालतं, भूक मरते, झोप पळते. दोन्ही एकाच गोळीतून येतं, त्यामुळे नुसतं सहन कर म्हणून भागत नाही, मोजावं लागतं. ब्रिटनमध्ये उपचार कसे करायचे ते ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे, प्रत्येक वेळी डोस बदलायच्या आधी आणि नंतर बीपी आणि नाडी बघा, पुढे दर ६ महिन्यांनी बघा, मोठ्या माणसांचं वजन पण दर ६ महिन्यांनी करा. माझं पहिल्या पाच महिन्यांत दवाखान्यात एकदाही बीपी घेतलं गेलं नाही.

नंतर मी पुण्यातल्या दुसऱ्या डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी आधी ईसीजी आणि थायरॉइड करून घेतलं, घरात कुणाला लहान वयात हार्टचा त्रास झालाय का विचारलं, आणि मला एक वही घालायला सांगितली. गोळी किती वाजता, जेवण किती वाजता, चहा किती, नाडी, झोप, चिडचिड कधी. बस एवढंच. त्या वहीने मला वाचवलं असं मी म्हणेन.

पहिलं निघालं ते चहाचं. स्टाफरूममध्ये दर तासाला चहा येतो, मी दिवसाला पाच-सहा कप प्यायचे, निदान व्हायच्या आधी त्या चहावरच जागी राहायचे मी. स्टिम्युलंटवर कॅफिन म्हणजे धडधडीवर धडधड. आता सकाळी एक कप, तो पण गोळीच्या बराच आधी. पहिले चार दिवस डोकं दुखलं, पण नाडी नव्वदच्या आत आली.

दुसरं जेवण. दुपारी भूक लागणार नाहीये हे मान्य करून टाकायचं आणि भूक लागायची वाट बघायची नाही. सकाळी सातला पोटभर नाश्ता, थालीपीठ, अंडी, जे असेल ते, आणि मगच गोळी. दुपारी फोनला अलार्म, ताक, केळं, शेंगदाण्याचा लाडू, जे चावायला आणि गिळायला फार कष्ट नाहीत असं. रात्री भूक जोरात परत येते तेव्हा नीट जेवण. सासूबाईंना शेवटी एक दिवस सगळं खरं सांगितलं, गोळीचं, कुत्र्याचं पण. त्या काही बोलल्या नाहीत, दुसऱ्या दिवशीपासून डब्यात पोळीच्या जागी दहीभात आणि खजूर यायला लागला.

आणि तिसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते संध्याकाळी पाचचं. गोळी उतरते ती वेळ. ज्यांनी हे अनुभवलं नाही त्यांना कसं सांगू, दिवसभर कुणीतरी हात धरून चालवत होतं आणि त्याने भर रस्त्यात हात सोडला असं होतं. आवाज सहन होत नाहीत, प्रेशर कुकरची शिट्टी सहन होत नाही, आणि नेमकी त्याच वेळी माझी मुलगी, वय ९, दप्तर उघडून आई हे बघ ना करत येते. एका संध्याकाळी मी तिच्यावर अशी ओरडले की ती वही घेऊन देवघराजवळ जाऊन बसली. भागाकार चुकला होता, बाकी काही नाही. वही भरल्यावर लक्षात आलं की ज्या दिवशी मी चारला काही खाल्लंय त्या दिवशी पाचचं हे निम्म्याने कमी असतं, म्हणजे त्यातली अर्धी तर नुसती भूकच होती, जी मला कळत नव्हती. उरलेलं डॉक्टर मॅडमनी डोस आणि वेळ बदलून आटोक्यात आणलं. आता साडेपाचपर्यंत मी मुलीला सांगून गच्चीवर एकटी बसते, तिला माहितीये की आईची गोळी उतरतेय, सहा वाजता आपण अभ्यास करू.

अजून एक गोष्ट जी बोलायला लाज वाटते. मधे डोस वाढवला होता तेव्हा मी एकदम शांत झाले, घरचे खूश होते. मुलीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, ती नाचत होती, आणि मला काहीच वाटलं नाही. टाळ्या वाजवल्या मी, पण आत काही हललं नाही. कॉलेजात मुलं म्हणायला लागली मॅडम आता हसत नाहीत. मला वाटलं लक्ष लागायची हीच किंमत असेल. तर नाही, डॉक्टर मॅडम म्हणाल्या हा डोस तुम्हाला जास्त होतोय, आणि कमी केल्यावर आठवड्यात मी परत माझी मी झाले, लक्ष पण तेवढंच लागत होतं. हे कुणी सांगितलं नसतं तर मी तशीच राहिले असते, किंवा गोळीच सोडली असती.

आता मुद्द्याचं. डोस असा हळूहळू जुळवायला लागतो, दर दोन-तीन आठवड्यांनी, आणि तिथेच आपली व्यवस्था आडवी येते. हे औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत आहे, एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली पण येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराने २ वर्षं जपायची, औषध कुलपात ठेवायचं, वेगळं लायसन्स लागतं, त्यामुळे लहान गावात बहुतेक दुकानदार ठेवतच नाहीत. आणि २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांप्रमाणे शेड्यूल एक्सचं औषध डॉक्टरांना फोनवर किंवा व्हिडिओवर लिहून देता येत नाही. म्हणजे मला नुसतं एवढं सांगायचं असेल की झोप लागत नाहीये, डोस कमी करा, तरी अर्ध्या दिवसाची रजा, एसटी, खंबाटकी घाट, स्वारगेट, आणि परत. मी पगारदार आहे म्हणून जमतं. ज्याला नाही जमत तो काय करतो, एकतर महिनाभर सोसतो, किंवा गोळी सोडतो, किंवा मी केलं तसं ओट्यावर सुरी घेतो.

नियम का आहेत ते मला कळतं. या गोळीचा गैरवापर होतो, माझ्याच एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं की मॅडम ती अभ्यासाची गोळी कुठे मिळते. कुलूप हवंच. पण ज्याचं निदान झालंय, ज्याला एकदा डॉक्टरांनी समोर बसवून तपासलंय, त्याचा डोस पुढे व्हिडिओवर बदलता यावा, आणि जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात हे औषध नेमाने मिळावं, एवढं तरी सरकारने बघावं. आणि डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी मराठीत छापलेला एक कागद द्यावा, काय होईल, काय आपोआप जाईल, काय खायचं, गोळी कापायची नाही, आणि काय झालं तर थांबायचं नाही. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं, जीव द्यावासा वाटणं, यातलं काही झालं तर सवय व्हायची वाट बघत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

तुमच्या पेपरला विनंती आहे की एक पान यावर पण करा, गोळी घेणाऱ्यांना विचारून करा. आमच्या वह्यांमध्ये बरंच काही लिहिलेलं आहे.

माझं नाव छापू नये. कॉलेजात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आपली,
एक शिक्षिका, वाई