पावणेपाचला उठणारं लेकरू

लातूर, दि. २२ मे

प्रिय शोभा,

परवा फोनवर ओवी मध्येच रडायला लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं. घाईत सांगण्यासारखं हे नाहीच, म्हणून सविस्तर लिहिते. दहा महिन्यांचं लेकरू रात्री साडेनऊला झोपतं, पावणेपाचला टक्क जागं होतं, साडेसहाला परत पेंगतं आणि दिवसभर किरकिर करतं, असं तू सांगितलंस. त्यातली ती साडेसहाची झोप सगळ्यात महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे येते.

आधी काय करायचं नाही ते. ‘उशिरा निजव, म्हणजे उशिरा उठेल’ असं घरात कुणीतरी म्हणेलच. या वयात बहुधा उलटं होतं. फार थकलेलं लेकरू झोपतानाही तणतणतं आणि पहाटे लवकरच उठतं. हिशेबच बघ. साडेनऊ ते पावणेपाच सव्वासात तास, दिवसाचे तीन धरले तरी सव्वादहा. चार महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाला झोप लागते चोवीस तासांत १२ ते १६ तास. म्हणजे ओवीची झोप पुरी होत नाही, मधेच तुटते. सात वाजता झोपून पाचला हसत उठणारं आणि पुढे तीन तास मजेत खेळणारं लेकरू असतं तर गोष्ट निराळी होती.

पहाटेच का तुटते? रात्रभर झोपल्यावर झोपेची ओढ ओसरलेली असते. रात्री वाढलेलं मेलाटोनिन उतरायला लागतं, कॉर्टिसॉल चढायला लागतं आणि झोप पातळ होते. मध्यरात्री भांडं पडलं तरी न हलणारं लेकरू पाचला दाराची कडी वाजली तरी डोळे उघडतं. आणि उघडल्यावर त्याला काय मिळतं? दिवा, दूध, आजीची मांडी, अंगणातली चिमण्यांची किलबिल. शरीराचं घड्याळ त्यावरच लागतं. उद्या त्याच वेळेला डोळे आपोआप उघडतात.

आता तुमची खोली. खिडकी पूर्वेची आणि कूलर त्याच खिडकीत. पावणेपाचला बाहेर अंधारच असतो, मग उजेडाचा काय संबंध, असं तुला वाटेल. सध्या सूर्य पावणेसहाच्या सुमाराला उगवतो, पण सव्वापाच-साडेपाचलाच झुंजूमुंजू होतं आणि कूलरच्या कडेच्या फटींतून उजेड आत येतो. जागं झालेलं लेकरू परत झोपायच्या बेतात असतं, नेमकं तेव्हाच. शिवाय पहाटेचा उजेड डोळ्यावर पडत राहिला की झोपेचं घड्याळ रोज थोडं आणखी अलीकडे सरकतं. म्हणून भर दुपारी बारा वाजता खिडकी-दार लावून बघ. हात लांब करून बोटं मोजता येत असतील तर खोली अंधारी नाही. काळं कापड दुहेरी करून चौकटीला चिकटपट्टीनं लाव, बाजूला चार-चार बोटं जास्त सोड. कूलरच्या चौकटीभोवती पुठ्ठा कापून बसव. एक मात्र ध्यानात ठेव, कूलरला हवा बाहेर जायला वाट लागते, नाहीतर खोली दमट होते आणि घामोळ्यांनी लेकरू बेजार होतं. उजेड नसलेल्या बाजूचं दार वीतभर उघडं राहू दे.

कूलरचंच आणखी. टाकी संध्याकाळी भरली असेल तर पहाटे चार-साडेचारला पाणी संपतं, पंप कोरडा फिरायला लागतो, आवाज बदलतो आणि हवा गरम येते. तू झोपेत असतेस, तुला कळत नाही, पण ओवी जागी होते. झोपताना टाकी काठोकाठ भर आणि दोन दिवस पावणेपाचला उठल्याबरोबर आधी टाकीत डोकावून बघ. उलटही होतं. अंगाचं तापमान पहाटेच सगळ्यात खाली असतं, आणि वारा थेट अंगावर असेल तर ती गारठून उठते. हात-पाय चाचपू नकोस, ते गारच लागतात, मान आणि छाती बघ. वाऱ्याचा झोत भिंतीकडे वळव. वीज गेली की आवाज एकदम थांबतो, त्या शांततेनंही जाग येते. बॅटरीवरचा पंखा असेल तर चार्ज करून ठेव, पण डोक्याजवळ नको. थंडीत तुमच्या परभणीला पहाटे हुडहुडी भरते तेव्हा अंगावर एक जास्तीचं झबलं घाल, वाकळ नको. वर्षाच्या आतल्या बाळावर सुटी वाकळ तोंडावर ओढली जायची भीती असते. बंद खोलीत शेगडी तर कधीच नको.

नळाला पाणी आलं की मोटार, झाडू, बादल्या हे सगळं तुमच्याकडे पाचलाच सुरू होतं. ते थांबवता येणार नाही. त्या आवाजाच्या बाजूचं दार लावून खाली चिंधीची गुंडाळी सारता येईल, तेवढं कर, कूलरच्या हवेची वाट मात्र उघडीच राहू दे.

आत्याबाईंशी बोलायला तू कचरतेस, ते कळतं. त्या चारला उठतात, लेकराचा आवाज आला की मायेनं उचलून बाहेर नेतात आणि तुला झोपू देतात. म्हणून ‘तुमच्यामुळे उठते’ असं बोलू नकोस. ‘आत्या, सहापर्यंत तिला खोलीतच राहू देऊ, सहाला तुम्हीच तिला ऊन दाखवा’ असं म्हण. सकाळचं उचलणं त्यांच्याच हातात राहिलं की त्या साथ देतील.

पावणेपाचला आवाज आला की लगेच उठू नकोस. नुसतं कण्हणं-कुरकुर असेल तर पाच-दहा मिनिटं थांब, कधीकधी ती अर्धवट झोपेतच असते. खरं रडू असेल तर जवळ जा, पोटावर हात ठेव, हळू ‘हं हं’ कर. दिवा नको, मोबाईलचा उजेडसुद्धा नको. शी असेल किंवा लंगोट गळत असेल तरच बदल. मग ती जागी राहिली तरी चालेल, पण अंधारात आणि अंथरुणातच. पहिले तीन दिवस पाच वाजता दिवस उजाडला असं धर, मग दर दोन-तीन दिवसांनी दहा-दहा मिनिटं पुढे ढकल, सहापर्यंत. ठरलेली वेळ झाली की मात्र खिडकीवरचा काळा पडदा बाजूला कर, मोठ्यानं ‘उजाडलं गं’ म्हण, दिवा लाव. रात्र आणि दिवस यांतला फरक तिला ढळढळीत दिसला पाहिजे. सूर्य वर आला की दहा मिनिटं अंगणात कोवळ्या उन्हात.

दूध पाचलाच मिळतं, म्हणून भूकही पाचलाच लागायला लागते. पाजणं बंद करू नकोस, त्याला उठण्यापासून तोड. रात्री तीन-चारला ती स्वतःहून उठली तर अंधारात, न बोलता पाज आणि निजव. पाचचं पाजणं दर दोन-तीन दिवसांनी दहा मिनिटांनी पुढे ने, पडदा उघडल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी येईपर्यंत. वजन नीट वाढत नसेल तर यातलं काही करू नकोस, आधी अंगणवाडीत वजन करून कार्ड बघ. संध्याकाळच्या जेवणात वरण-भात, तूप, मऊ खिचडी पोटभर दे. मध वर्षाच्या आत नकोच. झोपेसाठी गुटीत काही घालायचं किंवा सर्दीचं औषध पाजायचं कुणी सुचवलं तर साफ नाही म्हण.

आता ती साडेसहाची झोप. ही दिवसाची पहिली झोप नाहीच, रात्रीच तुटलेलं शेपूट आहे. ती रोज मिळते म्हणून पावणेपाचला उठणं तिला परवडतं. तिला एकदम तोडायला गेलीस तर लेकरू रडून आकांत करेल. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे सरकव. साडेसहाचे पावणेसात, मग सात, असं करत नऊपर्यंत. त्या पंधरा मिनिटांत घरात बसू नका, बाहेर कोंबड्या दाखवा, पाण्यात हात घालू द्या. नऊची झोप तासाभरात मोड, लांब झोप दुपारची असू दे. शेवटी घडी अशी बसावी: सव्वासहाला उठणं, ९ ते १०, मग सव्वाएक ते सव्वातीन, आणि रात्री सव्वासातला अंथरुणात. रात्रीचे अकरा, दिवसाचे तीन तास झाले. साडेनऊवरून सव्वासातवर यायलाही रोज पंधरा-वीस मिनिटंच कमी कर. दुपारी कमी झोपली तर रात्री अर्धा तास आधी निजव, ओढून धरू नकोस. गच्चीवर झोपायचं हे तीन आठवडे टाळ, पण खोलीत उकाड्यानं जीव जात असेल तर खुशाल वर जा.

झोळीचं लिहू की नको असं झालं होतं, पण लिहिते. झोका हलत असताना झोपलेलं लेकरू हलक्या झोपेत जागं झालं की झोका शोधतं. पहाटे पुन्हा झोळीत घालून सातपर्यंत झोपवलंस तर आजचा दिवस निघतो, पण उद्याची जाग पक्की होते. शिवाय झोळीत हनुवटी छातीला टेकते, श्वास अडू शकतो, म्हणून रात्रभर त्यात नको. संध्याकाळी डोळे जड झाले, पापणी मिटली-उघडली की झोका थांबव आणि सपाट, कडक गादीवर पाठीवर ठेव. पहिले तीन-चार दिवस रडेल. पोटावर हात ठेवून बसून राहा.

घोरणं, तोंडानं श्वास घेणं, तापासोबत कान ओढणं, खडा होऊन शी, वजन थांबणं, यातलं काही असेल तर घड्याळ बाजूला ठेव आणि लेकरांच्या डॉक्टरांना दाखव.

घड्याळ फिरायला दोन-तीन आठवडे लागतात, दोन दिवसांत सोडू नकोस. सुरुवात खिडकीपासून आणि कूलरच्या टाकीपासून कर. उद्यापासून कॅलेंडरवर रोज चार वेळा लिहून ठेव: रात्री कधी झोपली, पहाटे कधी उठली, दिवसाच्या दोन झोपा कधी. आठवड्यानं त्या पानाचा फोटो पाठव, मग पहिली झोप किती ओढायची ते बघू.

भाऊजींना आणि आत्याबाईंना नमस्कार, ओवीला गोड पापा.

तुझी,
मंगल